न केलेल्या ट्रेनिंगवर सही करू का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे. वय २०, मेकॅनिकलची दोन वर्षांची अप्रेंटिसशिप, त्यातले आठ महिने झालेत. पहिला महिना सेफ्टी आणि बेंच फिटिंग झालं, त्यानंतर जे ड्रिलिंग मशीन आणि डिबरिंगच्या (कापलेल्या कडेवर राहिलेले धातूचे काटे, म्हणजे बर, काढायच्या) टेबलावर बसवलं ते आजपर्यंत. लेथ (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरवून कापायचं मशीन) आणि मिलिंग (टूल फिरवून कापायचं मशीन) लांबूनच बघायचं. लेथवरचे सीनियर ऑपरेटर फारसं बोलत नाहीत, जवळ गेलं की 'बघून शिक' नाहीतर 'बाजूला हो'. मागच्या आठवड्यात सुपरवायझरने ट्रेनिंग रेकॉर्ड पुढे ठेवलं, त्यात टर्निंग (लेथवरचं काम), मिलिंग, सरफेस ग्राइंडिंग (घासून सपाट करणं), ग्राइंडिंग व्हील (वेगाने फिरणारं घासायचं चाक) बदलणे या सगळ्यांसमोर 'पूर्ण' लिहून तारखासुद्धा टाकलेल्या, याने फक्त सही करायची. ऑडिट जवळ आलंय, सगळेच करतात, असं सांगितलं. बरोबरच्या दोघांनी करून टाकली. याने 'उद्या करतो' म्हणून वेळ मारून नेलीय. घरचे म्हणतात सही कर आणि गपचूप दोन वर्षं काढ, डिग्रीला गेलेला मित्र म्हणतो सोडून दे, तिथे तुला फुकट राबवतायत. पत्राच्या शेवटी विचारलंय, 'आठ महिन्यात मी काहीच शिकलो नाही, आता सही करू, भांडू का सोडून देऊ?'

मित्रा,

आधी सहीचं बोलू कारण ते उद्यावर आलंय, बाकीच्याला वेळ आहे. तो कागद आत्ता जसा आहे तसा त्याच्यावर सही करू नकोस. पण भांडूही नकोस, आणि या दोन्हीच्या मधे बरीच जागा आहे जी तुला आत्ता टेन्शनमधे दिसत नाहीये.

तू पत्रात 'खोटं बोलल्यासारखं वाटतं' असं लिहिलंयस, ते वाटणं बरोबरच आहे, पण मला त्यापेक्षा जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. ट्रेनिंग रेकॉर्ड हा नुसता फाईलला लावायचा कागद नसतो, शॉप फ्लोअरवर कोणाला कुठल्या मशीनवर उभं करायचं हे त्याच्यावरून ठरतं. आज तुझे सुपरवायझर आहेत, त्यांना माहितीय की तुला ग्राइंडिंग येत नाही. चार महिन्यांनी दुसरे कोणी आले, नाइट शिफ्टला माणूस कमी पडला, त्यांनी रेकॉर्ड उघडलं आणि तुझ्या नावापुढे 'ग्राइंडिंग व्हील बदलणे, पूर्ण' दिसलं, तर ते तुलाच सांगणार ना की जा, व्हील बदलून घे. त्यांची तरी काय चूक.

आणि तुमच्या त्या यादीत नेमकी हीच गोष्ट सगळ्यात वाईट आहे. हिशोब करून बघ, २०० मिमी व्यासाचं व्हील २८०० आरपीएमला फिरत असेल तर त्याची कड सेकंदाला साधारण २९ मीटर जाते, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. त्यात बारीकशी क्रॅक असेल तर ते फुटतं आणि तुकडे त्याच वेगाने बाहेर येतात. म्हणून व्हील लावायच्या आधी नीट बघायचं असतं, व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून घट्ट केलेलं) व्हील असेल तर हलकं वाजवून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर बाजूला ठेवायचं. व्हीलवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या स्पिंडलपेक्षा कमी तर नाही ना ते तपासायचं, फ्लॅंज (व्हील दोन्हीकडून पकडणारी चकती) आणि व्हीलच्या मधे कागदी वॉशर असतात ते काढून फेकायचे नाहीत, नट गरजेपेक्षा जास्त आवळायचा नाही, सुरू केल्यावर पहिला मिनिटभर तरी समोर उभं न राहता बाजूला थांबून रिकामं फिरू द्यायचं. बेंच ग्राइंडर असेल तर टूल रेस्ट आणि व्हीलमधली फट ३ मिमीच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर जॉब आत ओढला जातो. यातलं तुला किती जणांनी दाखवलं? एकाही माणसाने दाखवलं नसताना 'मला दाखवलंय' अशी सही करून द्यायची, आणि उद्या काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार की याला तर ट्रेनिंग दिलं होतं, सही आहे बघा. म्हणजे तुझ्याच सहीने दोष तुझ्यावर येणार. घरच्यांना 'सही कर' म्हणताना हे माहीत नसणार, त्यांना हे सांग. ते तुझ्या भल्यासाठीच म्हणतायत, फक्त त्यांना तो साधा हजेरीचा कागद वाटतोय.

दुसरं एक आहे. अप्रेंटिसशिप संपल्यावर जिथे जाशील तिथे हे रेकॉर्ड दाखवशील आणि समोरचा म्हणेल, बरं, मग हा जॉब फोर जॉ चकमधे (लेथवर जॉब पकडणाऱ्या चार जबड्यांच्या पकडीत) लावून सेंटर करून दाखव. तेव्हा कागद काही कामाचा नाही.

आता सुपरवायझरशी कसं बोलायचं. तू मनात धरून चाललायस की नाही म्हटलं की ते चिडणार आणि पुढचे सोळा महिने त्रास देणार. असं होऊ शकतं, मी नाकारत नाही. पण त्यांच्या जागेवरून बघ, त्यांना ऑडिटला दाखवायला भरलेलं रेकॉर्ड हवंय, तुझी नेमकी सहीच हवीय असं नाही. मग त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस, भरलेलं रेकॉर्डच दे, फक्त खरं भरलेलं. आदल्या रात्री बसून वेगळ्या कागदावर लिही की ड्रिलिंग, टॅपिंग (होलमधे आटे पाडणं), काउंटरसिंक, डिबरिंग, व्हर्नियर आणि प्लग गेजने (होलचं माप तपासायच्या दांड्याने) चेकिंग, बेंच फिटिंग, हे सगळं पूर्ण, अमुक तारखेपासून. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग यांच्यापुढे 'बाकी', आणि शेजारी पुढची एक तारीख सुचव. मग शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, चार लोकांसमोर नाही, एकटे असतील तेव्हा जा आणि म्हण, "सर, मी रेकॉर्ड भरून आणलंय. जे झालंय त्याच्यावर आत्ता सही करतो. लेथ आणि ग्राइंडिंगचं मला कोणी दाखवलेलं नाहीये, त्यामुळे तिथे बाकी लिहिलंय आणि तारखा टाकल्यात, तुम्ही बघून बदला. ऑडिटवाल्यांनी मला मशीनजवळ उभं करून विचारलं तर मला सांगता येणार नाही, मग तुमच्यावरच येईल."

हे शेवटचं वाक्य धमकीच्या सुरात नको, काळजीच्या सुरात म्हण, कारण ते खरंच आहे. ऑडिट करणारे नुसती फाईल बघून जातात असं नाही, ते फ्लोअरवर येऊन एखाद्या पोराला थांबवून विचारतात की हे कसं करतोस दाखव. रिकामा रकाना आणि पुढची तारीख असेल तर त्याचं उत्तर देता येतं, न झालेल्या ट्रेनिंगची तारीख पकडली गेली तर सगळ्या फाईलवरचाच विश्वास जातो. शहाणा सुपरवायझर हे दोन मिनिटांत ओळखतो.

तरीही म्हणाले की गप सही कर, तर "सर मला ट्रेनिंग विभागात विचारून येऊ दे" एवढं म्हण आणि खरंच विचारायला जा. अप्रेंटिस घेणाऱ्या जागी त्यांचं बघणारं कोणीतरी नेमलेलं असतं, करारावर सही कोणाची आहे ते बघ, तिथून सुरुवात कर. तिथेही हेच भरलेलं रेकॉर्ड दाखव, तक्रार म्हणून नको, 'हे बाकी आहे, कधी मिळेल' म्हणून. काय बोलणं झालं, कोणत्या तारखेला, ते त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेव. ज्या दोघांनी सही केली त्यांची नावं यात अजिबात आणू नकोस, त्यांना घाबरवूही नकोस. तुझा कागद पास झाला तर ते आपोआप विचारतील, तेव्हा सांग कसं केलंस.

आता तुझं ते वाक्य, 'काहीच शिकलो नाही'. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण मी बरीच वर्षं अप्रेंटिस पोरांबरोबर काम केलंय आणि हे वाक्य जवळपास प्रत्येकाकडून ऐकलंय, आणि त्यात अर्धं खरं असतं. खरं हे की सात महिने एकाच जागी ठेवणं चूक आहे, ते तुला मागावंच लागेल. पण तुझ्या डोक्यात शिकणं म्हणजे लेथ हातात येणं असं बसलंय आणि त्यामुळे जे समोर आहे ते तू नुसतं संपवतोयस.

तू रोज बर काढतोस. कधी बघितलंस का की बर कुठल्या बाजूला जास्त येते? ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे. का, तर शेवटचा पातळ थर कापला जायच्या ऐवजी पुढे ढकलला जातो, त्याला मागून आधारच नसतो. ड्रिलची धार गेली की हीच बर मोठी होते, फीड (ड्रिल पुढे सरकायचा वेग) जास्त झाला तरी होते. माइल्ड स्टीलला लांब चिवट बर येते, कास्ट आयर्नला जवळपास येतच नाही, ते ठिसूळ असतं म्हणून कड तुटून पडते. म्हणजे तुझ्या टेबलावर येणारा प्रत्येक जॉब तुला सांगत असतो की मागच्या मशीनवर टूलची काय अवस्था आहे. इन्स्पेक्शनला साइझ बाहेर गेलेली कळायच्या आधी तुझ्या बोटांना कळू शकतं. ज्या दिवशी तू जाऊन सांगशील की सकाळपासून दोन नंबरच्या होलला बर वाढतेय, ड्रिल बघता का, आणि खरंच धार गेलेली निघेल, त्या दिवसापासून तुझ्याकडे बघायची नजर बदलते. मी हे होताना बघितलंय म्हणून एवढं ठासून सांगतोय.

ड्रिलिंग मशीनचंही तसंच. एम ८ च्या (८ मिमी व्यासाच्या आट्यांच्या) टॅपसाठी ६.८ चं ड्रिल लावतात, एम १० ला ८.५, हे तुला पाठ झालं असेल. पण का? एम ८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, आठमधून तो वजा केला की ६.७५, जवळचं मिळणारं ड्रिल ६.८. एम १० चा पिच १.५, म्हणून ८.५. एवढं कळलं की तक्ता लागत नाही, कुठलाही नेहमीचा मेट्रिक थ्रेड दे, तू ड्रिल सांगशील. आरपीएमचंही बघ, मशीनवर आधीच्याने ठेवलेला बेल्ट तसाच ठेवून चालवतोस का? कटिंग स्पीडला (धार मटेरियलवरून मिनिटाला किती मीटर जाते त्याला) १००० ने गुण आणि पाय (π) गुणिले व्यासाने भाग. हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलला माइल्ड स्टीलमधे मिनिटाला २५ मीटर धरलं तर १० मिमी ड्रिलला ८०० च्या आसपास येतात, ५ मिमीला त्याच्या दुप्पट. आणि हेच गणित उद्या लेथवर लागतं, तिथे फक्त ड्रिलच्या व्यासाऐवजी जॉबचा व्यास. ड्रिलला धार लावताना दोन्ही लिप (कापणाऱ्या कडा) सारख्या नसतील तर होल मोठं पडतं, ११८ अंशांचा पॉइंट (टोकाचा कोन) कशासाठी, कडक मटेरियलला तो अजून चपटा का करतात, हे सगळं तुझ्या त्याच 'कंटाळवाण्या' मशीनवर आहे.

आणि मापं. प्लग गेज तू रोज वापरतोस, गो (लहान टोक) जातो, नो-गो (मोठं टोक) जात नाही, जॉब ओके. पण ड्रॉइंगवर २५ एच ७ लिहिलंय म्हणजे होल २५.००० ते २५.०२१ मधे हवं, २१ मायक्रॉनची जागा, हे डोळ्यासमोर आणायची सवय लाव. एक प्रयोग कर, मशीनवरून नुकताच काढलेला गरम जॉब मोज आणि तोच जॉब तासाभराने मोज. मापं २० अंश सेल्सियसला धरलेली असतात, १०० मिमीचा स्टीलचा तुकडा १० अंशांनी तापला की साधारण १२ मायक्रॉन वाढतो. टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) २१ मायक्रॉन असेल तर अर्ध्याहून जास्त यातच गेले. लेथवर जॉब गरम असताना साइझला आणून थंड झाल्यावर कमी भरला असं नव्या पोरांचं कायम होतं, तुला ते लेथला हात न लावता आधीच माहीत असेल.

म्हणून एक वही कर. कंपनीची नाही, तुझी स्वतःची. रोज एकच गोष्ट, पण 'आज काय केलं' असं नको, 'आज हे असं का झालं' असं. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न लिहून जागा सोड. महिन्याभरात त्या मोकळ्या जागाच तुला सांगतील की कोणाला काय विचारायचं.

यावरून त्या लेथवाल्या काकांकडे येतो. तुझं म्हणणं की ते मुद्दाम शिकवत नाहीत, आपली कला लपवतात. असे लोक असतात, खोटं कशाला बोलू. पण तू लिहिलंयस की तू जातोस ते 'माझं काम संपल्यावर मधेच', म्हणजे त्यांचा कट चालू असताना. त्यांच्या डोक्यावर शिफ्टचा आकडा आहे, डोळा टूलवर आहे, पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) चालू असेल तर आवाजावर कान आहे, तेव्हा कोणी शेजारी येऊन 'हे काय करताय' विचारलं तर 'बाजूला हो' हेच येणार, आणि फिरत्या चकजवळ तर ते तुझ्या जिवासाठीच म्हणतायत. शिवाय अनेक चांगल्या कारागिरांना आपण काय करतो ते शब्दांत सांगता येत नाही, ते हातात आलेलं असतं. त्यांना 'मला लेथ शिकवा' म्हटलं की ते कुठून सुरू करू म्हणून गप्प बसतात.

जॉब बदलून नवीन सेटिंग लागतं तेव्हा जा. आधी विचार "काका, सेटिंग करताय तर मी चावी, पॅकिंग पुढे करू का". अर्धा तास नुसतं हाताशी लागेल ते देत उभा राहा. आणि प्रश्न विचारताना तुझा अंदाज सांगून विचार, म्हणजे "टूल सेंटरला आणायला पॅकिंग घातलंत ना, वर राहिलं असतं तर घासलं असतं, कापलं नसतं, बरोबर का?" एवढा प्रश्न आला की समोरच्याला कळतं या पोराने डोकं लावलंय, आणि चूक असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. माणूस दुसऱ्याचं चुकीचं उत्तर सुधारायला पटकन बोलतो.

यावर एक जुनी गोष्ट आठवते. १८२९ मधे जेम्स नॅस्मिथ नावाचा विशीतला मुलगा लंडनला हेन्री मॉड्सलेकडे काम मागायला गेला. लेथ आज जसा आहे तसा होण्यात ज्यांचा मोठा वाटा त्यातला हा मॉड्सले. त्याने शिकाऊ मुलं घेणं बंद केलं होतं, आधीच्या मुलांचा अनुभव वाईट आला होता. नॅस्मिथने स्वतः केलेलं छोटं वाफेचं इंजिन आणि स्वतः काढलेली ड्रॉइंग बरोबर नेली होती. ती बघून मॉड्सलेने त्याला शिकाऊ म्हणून नाही तर स्वतःचा मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. पुढे स्टीम हॅमर काढला तो हाच नॅस्मिथ. तुला इंजिन करायची गरज नाही. स्क्रॅपमधला तुकडा परवानगी घेऊन घे, कानशीने घासून एक चौकोन एवढा काटकोनात आण की ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावल्यावर उजेड दिसणार नाही, सुट्टीच्या वेळात, चार आठवडे लागले तरी लागू देत. तो काकांच्या हातात दे आणि विचार कुठे चुकलंय. लेथ मागायला याच्यापेक्षा चांगला अर्ज मला माहीत नाही.

लेथवर जायची तारीख मात्र सुपरवायझरकडूनच मिळवायची, काकांच्या मेहेरबानीवर नको. सुरुवातीला आठवड्यातून एक अर्धा दिवस माग, तेवढं द्यायला कोणाला जड जात नाही.

सोडायचं का? मित्र डिग्री करतोय म्हणून तो पुढे गेला आणि तू मागे राहिलास असं मला तरी दिसत नाही, दोन वेगळ्या बाजूंनी तुम्ही एकाच ड्रॉइंगकडे बघताय, पण तुला खरंच डिझाइनची आणि थिअरीची ओढ असेल तर नंतरही जाता येतं आणि बर का येते हे हाताने माहीत असलेला विद्यार्थी वर्गात वेगळाच असतो. आत्ता रागात निर्णय घेऊ नकोस. तीन महिने दे. या तीन महिन्यांत बघ की रेकॉर्डमधे टाकलेल्या तारखांपैकी एक तरी पाळली जातेय का, 'का' विचारल्यावर उत्तर देणारा एक तरी माणूस तिथे आहे का, आणि गार्ड काढून मशीन चालव, हातमोजे घालून ड्रिलिंग कर, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारा स्विच) बांधून ठेव असलं कोणी सांगतंय का. पहिल्या दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरी जागा शोधायला लाग, त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर तीन महिनेसुद्धा थांबू नकोस. सोडायच्या आधी करार वाच, झालेले महिने दुसरीकडे धरले जातात का, मधेच सोडलं तर काय, हे लेखी विचारून घे, आणि दुसरी जागा हातात आल्यावरच इथे सांग.

तुझ्यासारखीच पत्रं अजूनही येतात, कोणाला लेथऐवजी स्टोअरमधे बसवलंय, कोणाचं नुसतं झाडू मारणं आणि चिप्स उचलणं चाललंय. त्यांनाही सांगेन की आधी लिहून काढा तुम्ही आत्तापर्यंत नक्की काय काय केलं, तारखांसकट. तो कागद समोर आला की 'मला काही शिकवत नाहीत' याच्याऐवजी 'माझं मिलिंग बाकी आहे, कधी सुरू करू' असं बोलता येतं, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. चिप्स उचलणाऱ्यांनो, त्या हाताने नाही, हुक आणि ब्रशनेच, आणि मशीन पूर्ण थांबल्यावर.

तुझं उद्याचं काम एवढंच, रात्री तो कागद भर, सकाळी शिफ्टच्या पंधरा मिनिटं आधी पोच. आणि या मधल्या दिवसांत कोणी व्हील बदलायला सांगितलं तर "मला दाखवलेलं नाही, तुम्ही करा, मी शेजारी उभा राहून बघतो" असं स्पष्ट सांग, मग समोर कोणीही असो. काय झालं ते नक्की लिहून कळव.